मानपत्रासाठी तीन ओळी

कुलसचिव म्हणाले, तीनच ओळी हं.
चौथी आली की चौकटीबाहेर जाते,
आणि चौकट सोनेरी आहे, आक्राहून मागवलेली.

एकतीस वर्षं मी टामालेच्या या कचेरीत
मानपत्रं टंकतो आहे.
साचा ठरलेला: अभ्यासात अव्वल,
नेतृत्वात अग्रेसर, समाजकार्यात तत्पर.
नाव तेवढं बदलायचं.

यंदाचं नाव सुहुयिनी नापारी.
आमच्या दागबानीत सुहुयिनी म्हणजे एकच काळीज.
बारशाला कुणाला ठाऊक होतं,
पोरगी ते इतक्या जणांत वाटत सुटेल
आणि वर भांडेल,
मला कुणी पुरेसं पेट्रोल का देत नाही म्हणून.

फाईल उघडली.
सात सत्रं, पानोपान ए.
एकाच ठिकाणी सी,
तोही द्रवगतिशास्त्रात, तिच्या हातखंडा विषयात.
त्या सीभोवती कुणीतरी लाल शाईनं गोल काढलाय.
प्रश्न आहे. उत्तर फाईलीत नाही.

उत्तर मला माहीत आहे, कारण फोन मीच केला होता.

जानेवारी. हरमाटन सुटलेला, ओठ उललेले,
कडुनिंबाची झाडं धुळीनं म्हातारी झालेली.
माझ्या मेव्हण्याच्या गावातला हातपंप बसला
आणि बायका पुन्हा तळ्याकडे निघाल्या,
गुरं उतरतात त्याच तळ्याकडे.
दुसऱ्या दिवशी तिचा पेपर आहे, हे मला माहीत नव्हतं,
असं मी बायकोला सांगतो.
वेळापत्रक मीच टंकलं होतं.

ती आली, मोटारसायकलवर, मागे पाना बांधून.
वायसर कुजलेला, नवा कुठून आणणार?
तिनं मोबाइलच्या उजेडात
स्वतःच्या चपलेचा तळ कापला.
पहाटे पाणी आलं,
आधी तांबडं, मग खोकत खोकत नितळ.
एका पायात चप्पल घालून ती परीक्षेला बसली.
पंपावरच प्रश्न होता म्हणे.
तोच चुकला.

नेतृत्वाचं म्हणाल, तर फीवाढीच्या वेळी
पोरं दगड घेऊन फाटकाशी जमली होती.
ही खुर्चीवर चढली. आम्हाला वाटलं, आता भाषण.
तिनं विद्यापीठाचा जमाखर्च वाचायला घेतला,
ओळ न ओळ, दीड तास, भर उन्हात.
पोरं कंटाळली. दगड तिथंच टाकून
भात-चवळी खायला गेली.
एकशेसाठाव्या ओळीला सापडलं,
जनरेटरचं डिझेल दोनदा धरलेलं.
फी वाढली नाही.
तिला खांद्यावर घ्यायला
फाटकाशी कुणी उरलं नव्हतं.

आता तिसरी ओळ.

तिनं पाना गावातच ठेवला.
कुणाकडे, यावर पुरुषांनी तीन बैठका घेतल्या;
शेवटी तो मेमुनातूच्या गळ्यात पडला,
शी फळांचं लोणी कढवणारी विधवा, तोंडानं फटकळ.
मार्चमध्ये पंप पुन्हा बिघडला.
सुहुयिनीला कुणी कळवलं नाही.
तिला पत्ता लागला मे महिन्यात, आणि ती रुसली.
खरंच रुसली, माझ्या टेबलाशी येऊन:
एक फोन तरी करायचा की नाही!
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली
आणि माझ्या डब्यातली गिनी कोंबडीची अंडी
न विचारता दोन्ही खाऊन टाकली.
हसत होती का? पाठ होती माझ्याकडे.

अव्वल, अग्रेसर या दोन ओळी साच्यातल्याच ठेवल्या.
तिसऱ्या ओळीत मी टंकलं आहे:
मार्चमध्ये पंप बिघडला. हिला बोलवावं लागलं नाही.

साहेब खोडतील. खोडू देत.
एक प्रत मी फाईलीत लावली आहे
त्या लाल गोलाशेजारी,
खाली माझं नाव, आणि फोन केल्याची वेळ:
रात्री नऊ वाजून दहा मिनिटं.